घरची गाडी : अण्णांची बीटल आणि सहा व्होल्टचा दिवा

पावसाळ्याच्या तोंडावर रायपूरच्या पंडरी भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुनं घर आहे. घराच्या पडवीत १९६२ सालची फोक्सवॅगन बीटल उभी असते. ती त्यांच्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. अण्णांचं वय ८१. गाडी रोज काही बाहेर पडत नाही. पण सणावाराला, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात काही कार्यक्रम असला की अण्णा ताडपत्री काढतात, काच पुसतात आणि सगळ्यांना घेऊन निघतात.

अशाच एका कार्यक्रमाहून परतताना रात्री रस्त्याच्या मधोमध गाय बसली होती. रायपूरकरांना हे दृश्य नवं नाही. पण अण्णांना ती दिसली ती अगदी दहा-बारा हातांवर आल्यावर. ब्रेक लागला, गाडी थांबली, कुणाला काही झालं नाही. मागच्या सीटवर दोन नातवंडं होती. त्या रात्रीपासून घरात वाद सुरू झाला. मुलगा म्हणतो, "गाडीची वायरिंग १२ व्होल्टची करून टाकू, नाहीतर गाडी विकू." अण्णा म्हणतात, "जशी आली तशीच राहील. दिवा कमी वाटत असेल तर सावकाश चालवा."

ताई विचारतात, "दोघांपैकी बरोबर कोण?"

ताई, दोघंही थोडेथोडे बरोबर आहेत. कसे, ते सांगतो.

सहा व्होल्ट म्हणजे काय?

गाडीच्या बॅटरीतला प्रत्येक कप्पा साधारण दोन व्होल्टचा असतो. तीन कप्पे म्हणजे सहा व्होल्ट, सहा कप्पे म्हणजे बारा. जुन्या काळी गाडीत विजेचं काम ते किती? दोन दिवे, एक हॉर्न, एक स्टार्टर. त्याला सहा व्होल्ट पुरत. पुढे इंजिनं मोठी झाली, रेडिओ आले, पंखे आले, आणि १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या बारा व्होल्टवर गेल्या. बीटलने मात्र सहा व्होल्टचा संसार बरीच वर्षं नेटाने चालवला. अमेरिकेत जाणाऱ्या बीटलना १२ व्होल्ट मिळाले ते १९६७च्या मॉडेलपासून. म्हणजे अण्णांची गाडी पक्की सहा व्होल्टची.

आपल्यापैकी कित्येकांनी सहा व्होल्टची जुनी स्कूटर चालवली असेल. चौकात गाडी थांबली की दिवा मिणमिणता व्हायचा आणि ॲक्सिलरेटर पिळला की पुन्हा उजळायचा. तेव्हापासून मनात बसलंय की सहा व्होल्ट म्हणजे कमी उजेड.

पण हा समज पुरता खरा नाही. बल्ब ४५ वॅटचा असेल तर तो सहा व्होल्टवर ४५ वॅटच खातो आणि बारावरही ४५च. फरक पडतो तो वाटेत.

घरातल्या नळाचं उदाहरण घ्या. गच्चीवरची टाकी उंच असेल तर बारीक नळातूनही पाणी जोरात येतं. टाकी बुटकी असेल तर तेवढंच पाणी आणायला नळ जाड लागतो, आणि नळात थोडा जरी गाळ साचला तरी धार बारीक होते. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. वायर म्हणजे नळ.

आता हिशोब करू. ४५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ९० वॅट. सहा व्होल्टवर त्यांना १५ अँपिअर करंट लागतो, बारा व्होल्टवर फक्त साडेसात. समजा, गंजलेल्या जोडांमुळे सहा व्होल्टच्या गाडीत वाटेतच ०.६ व्होल्ट गळाले. सहापैकी ०.६ म्हणजे दहा टक्के. तुम्ही म्हणाल, दहा टक्क्यांनी काय बिघडतं? पण बल्बचा स्वभाव फार नाजूक. व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. त्याच वायरीतून बारा व्होल्टवर करंट निम्मा जाईल, म्हणून गळतीही निम्मी, ०.३ व्होल्ट. बारापैकी ०.३ म्हणजे अडीच टक्केच! उजेडात आठेक टक्क्यांचा फरक पडेल, आणि तो डोळ्याला जाणवणारही नाही.

कोरब्याची वीज रायपूरला प्रचंड दाबाच्या तारांवरून आणतात, त्यामागेही हेच गणित आहे. दाब जास्त, करंट कमी, गळती कमी.

आधी साफसफाई, मग बदल

म्हणून ताईंना मी पहिल्या उत्तरात लिहिलं की बारा व्होल्टचा विचार महिनाभर बाजूला ठेवा. एक साधा मीटर आणा. दिवे लावून आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, मग हेडलाइटच्या मागच्या जोडावर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर दोष गाडीच्या वयाचा नाही, गंजाचा आहे.

बीटलमध्ये हा दोष हमखास असतो. तिचं इंजिन मागे, बॅटरी मागच्या सीटखाली आणि दिवे सर्वांत पुढे. वीज मागून निघते, पुढे स्विचपर्यंत जाते, फ्यूजमधून फिरते आणि मग दिव्यापर्यंत पोचते. साठ वर्षांत या वाटेवरचा एकेक जोड काळा पडतो. दिव्याचा अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर, रंगाखाली गंजते. शिवाय कधीतरी कुणी बॅटरीची मूळ जाड केबल काढून बाजारात मिळणारी बारा व्होल्टची बारीक केबल बसवलेली असते. सहा व्होल्टच्या स्टार्टरला ती पुरत नाही. मग सकाळी गाडी "घर्र... घर्र..." करत कुंथते आणि दोष बिचाऱ्या बॅटरीच्या माथी येतो.

अण्णांनी स्वतः मीटर लावला. बॅटरीवर ६.१ व्होल्ट, दिव्यावर ५.१! म्हणजे त्या रात्री गाय शोधायला जेमतेम अर्धा उजेड होता. जोड पॉलिश कागदाने घासले, अर्थचा स्क्रू नवा लावला, फ्यूजच्या पट्ट्या साफ केल्या. आकडा ५.८वर गेला. अण्णा खूष. मुलगाही गप्प झाला.

सीटखालचा काळा डाग

वाद इथे मिटायला हरकत नव्हती. पण या साफसफाईत मागची सीट बाहेर काढली आणि खाली जे दिसलं त्याने घरातले सगळेच हादरले. बॅटरीवरचं झाकण तुटलेलं होतं आणि सीटच्या एका लोखंडी स्प्रिंगवर ठिणगीचा काळा डाग होता.

वाचकहो, ज्यांच्याकडे जुनी बीटल आहे त्यांनी हे वाचून आजच्या आज सीट उचलून बघावी. मागे वजनदार माणूस बसला, गाडी खड्ड्यात आदळली की स्प्रिंग खाली येते. ती बॅटरीच्या उघड्या टोकाला लागली तर शॉर्ट सर्किट होतं, आणि वर सीटचं भरण असतं, ते पेटतं. बारा व्होल्टची बॅटरी घेताना तर दुप्पट काळजी घ्यावी. दुकानदार देईल ती उंच बॅटरी बसवायची नाही. मूळ बॅटरीएवढ्याच उंचीची घ्यायची, वर झाकण घालायचं आणि पट्ट्याने घट्ट बांधायची. बॅटरीचं कनेक्शन तोडणारा स्विच लावला तर उत्तमच. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, तेव्हा तो बंद ठेवावा.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही याच वेळी बदलाव्यात. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात लवकर खराब होतं. बीटलच्या इंजिनाचं आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. ते एकदा पेटलं की पाण्याने विझत नाही.

बारा व्होल्ट करताना

इतकं करूनही अण्णांपुढे एक अडचण उरलीच. सहा व्होल्टची चांगली बॅटरी आणि बल्ब मिळणं कठीण झालं होतं. शेवटी त्यांनीच लिहिलं, "करायचंच तर नीट कसं करायचं ते सांगा."

मी दिलेली यादी इतरांनाही उपयोगी पडेल.

वायरिंग : चांगल्या अवस्थेत असेल तर तीच चालते, कारण करंट निम्मा होतो. कडक झालेल्या, तडकलेल्या वायरी मात्र बदलाव्यात.

डायनामो आणि रेग्युलेटर : दोन्ही बारा व्होल्टचे लागतात. बारा व्होल्टचा डायनामो जाडीला मोठा असतो, त्यामुळे तो ज्या बैठकीवर बसतो ती आणि मागची पत्र्याची चकती जुळते का, हे खरेदीपूर्वीच पाहावं. इंजिन गार ठेवणारा पंखा याच डायनामोच्या दांड्यावर बसवलेला असतो, हे विसरू नये. पट्टा बोटाने दाबला तर दीडेक सेंटिमीटर दबावा. आणि चालत्या गाडीत डायनामोचा लाल दिवा लागला तर "घरी जाऊन बघू" म्हणायचं नाही. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो. पाण्याच्या गाडीला रेडिएटर असतो, हिला फक्त वारा. रायपूरच्या मे महिन्यात असं इंजिन काही मिनिटांत भाजून निघेल.

कॉइल : बारा व्होल्टची. पॉइंट आणि कंडेन्सर जुनेच चालतात.

कार्ब्युरेटर : ऑटोमॅटिक चोक असेल तर त्यातला तापणारा भाग बारा व्होल्टचा हवा.

बल्ब, इंडिकेटरचा फ्लॅशर, हॉर्न : सगळे बदलायचे, मीटरमधले चिमुकले बल्बसुद्धा.

वायपर : याचीच आठवण शेवटी येते. एका मिस्त्रीने सगळं बदलून वायपर तसाच ठेवला आणि पहिल्या पावसात मोटार जळाल्याचा वास आला, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकतर मोटार बदलावी किंवा व्होल्ट कमी करणारा रेझिस्टर मध्ये घालावा.

स्टार्टर : इथे घाई करू नये. सहा व्होल्टच्या गाडीत फ्लायव्हीलला १०९ दाते असतात, बारा व्होल्टच्या गाडीत १३०. नवा स्टार्टर बसवायचा तर फ्लायव्हील आणि क्लच बदला, मोठ्या फ्लायव्हीलला जागा व्हावी म्हणून गिअरबॉक्सचं आवरण आतून घासा, असं एकातून एक काम निघत जातं. बरेच जण सहा व्होल्टचा स्टार्टरच बारा व्होल्टवर चालवतात. तो झटक्यात फिरतो. मात्र किल्ली दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायची नाही, आणि गाडी लागली नाही तर मिनिटभर थांबायचं. दात्यांची झीज थोडी जास्त होते, ती मान्य करायची.

कागदपत्रांची बाजू

स्टार्टर तसाच ठेवा म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते.

बल्ब, बॅटरी, डायनामो पुन्हा जुने बसवता येतात. घासलेलं आवरण मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून माझा साधा नियम : जे उलटं फिरवता येईल तेवढंच बदला. काम सुरू करण्याआधी फोटो काढा आणि नोंदणीचा विचार असेल तर आरटीओत आधी विचारून घ्या.

पेटी

दिवाळीनंतर ताईंचं दुसरं पत्र आलं. काम झालं होतं. अण्णांनी मिस्त्रीशेजारी खुर्ची टाकून तीन दिवस बैठक मारली. काढलेला प्रत्येक भाग फडक्यात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून लाकडी पेटीत ठेवला. डायनामो, रेग्युलेटर, कॉइल, अगदी मीटरमधले बल्बही. पेटी आता त्यांच्या खाटेखाली असते.

पहिल्या रात्री गाडी घेऊन अण्णा तेलीबांधा तलावापर्यंत जाऊन आले. शेजारी नात बसली होती. तिला गाडी शिकायची आहे. परतताना रस्त्यात गाय बसली होतीच. या वेळी ती लांबूनच दिसली. अण्णांनी गाडी सावकाश बाजूने काढली आणि नातीला म्हणाले, "बघितलंस? दिवा कितीही चांगला असला तरी वेग हाच ठेवायचा."

म्हणून म्हटलं, दोघंही बरोबर होते.