जवानाला पाद्री कशाला हवा?

(द्वितीय वर्ष, कला)

‘जवानाचा धर्म एकच, आणि तो म्हणजे देश!’ वादविवाद स्पर्धेत हे वाक्य हमखास टाळ्या घेते. वक्ता खाली बसतो, दुसरा उठतो, आणि जवान मात्र होता तेथेच उन्हात उभा राहतो. मला या वाक्यात एक खोट दिसते. देश जवानाला काम देतो, पगार देतो, पदकही देतो. पण रात्री दोन वाजता मेलेला सोबती डोळ्यांपुढे उभा राहिला, तर देश काही त्याच्या उशाशी येऊन बसत नाही. तेथे दुसरेच कोणी तरी लागते. ते कोण, याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

करंजाड्यात आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त हवालदार राहतात. मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. दर 26 जानेवारीला सोसायटी त्यांना शाल आणि श्रीफळ देते, कोणी तरी मोठे भाषण करतो, काका हात जोडतात आणि खाली बसतात. त्यांना बोलायला कोणी सांगत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे माझ्या हातातली पुस्तके पाहून ते कधी कधी मला थांबवतात. एकदा म्हणाले, “पोरी, भेटेल तो विचारतो, किती मारले? लष्करी इस्पितळात पाद्रीबाबा आले, त्यांनी विचारले, झोप लागते का? त्या प्रश्नापासून मी पुन्हा माणसांत आलो.”

पाद्री म्हणजे इंग्रजांनी मागे ठेवलेली एक शोभेची वस्तू, अशी आपल्यापैकी पुष्कळांची कल्पना असते. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय लष्करात आजही धर्मशिक्षकांची रीतसर भरती होते. पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्षू यांच्याबरोबर पाद्रीही असतो आणि त्याला ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरचा हुद्दा मिळतो. त्याची कामे पाहावीत: अंत्यविधीला हजर राहणे, इस्पितळातल्या आजाऱ्यांना धीर देणे, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणणे आणि शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणे. हे शेवटचे काम मला फार मोलाचे वाटते. चुकलेल्या जवानाला भेटायला एरवी कोण जातो? आपली शाल आणि आपला नारळ शूरांसाठी राखलेला असतो.

येथे ख्रिस्ती धर्माजवळ सैनिकाला देण्यासारखे काही खास आहे, असे माझे मत झाले आहे. शुभवर्तमानात सैनिक जागोजागी भेटतात. आम्ही काय करावे, असे सैनिकांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारले, तेव्हा नोकरी सोडा असे त्याने सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, असे सांगितले. आपल्या आजारी चाकरासाठी येशूकडे येणारा रोमन शताधिपती तर विश्वासाचा नमुनाच ठरला. आणि वधस्तंभावर खुद्द ख्रिस्तानेच देवाने आपला त्याग का केला, असा आक्रोश केला. ज्या धर्माचा प्रभूच असा आक्रोश करतो, त्या धर्मात हवालदाराला रडायला लाज कशाची? आपले पाप बोलून दाखवावे, क्षमा मागावी, ती मिळाली असे मानावे आणि सकाळी उठून पुन्हा कामाला लागावे, ही त्यातली वाट आहे. ‘तू वीर आहेस’ या वाक्यात ती वाट नाही, कारण वीराला क्षमा मागण्याची सोयच नसते.

आता दुसरी बाजू. याच धर्माने साम्राज्याच्या तोफांनाही आशीर्वाद दिले, हे नाकारून चालणार नाही. पनवेलहून लोकलने सीएसएमटीला उतरावे आणि बसने कुलाब्याला नेव्हीनगरच्या वाटेवर जावे, म्हणजे अफगाण चर्च लागते. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले आणि 1858 साली उपासनेला खुले झाले. आत अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साध्या शिपायांविषयी मात्र एवढेच लिहिले आहे की, ते इतके होते की नावे देणे शक्य झाले नाही! ते युद्ध अन्यायाचे होते, आणि देवाच्या घरातही हुद्दा पाहून नाव कोरले गेले. अशा वेळी धर्म सैनिकाच्या जखमेवर औषध न लावता तिच्यावर झेंडा पसरतो.

परंतु तेवढ्यावरून सगळेच पाद्री सरकारी भाट ठरत नाहीत. पहिल्या महायुद्धात जेफ्री स्टडर्ट केनेडी नावाचा एक इंग्रज पाद्री आघाडीवर होता. वुडबाइन सिगारेटी वाटतो म्हणून शिपायांनी त्याचे नावच ‘वुडबाइन विली’ पाडले. जखमींसाठी गोळीबारात शिरल्याबद्दल त्याला 1917 साली मिलिटरी क्रॉस मिळाला. आरंभी तोही शिपायांना चेव आणणारी भाषणे करी. पुढे मेलेले तरुण पाहून पाहून तो युद्धाचाच विरोधक बनला आणि 1929 मध्ये वारला तोपर्यंत गोरगरिबांची बाजू मांडत राहिला. माणसाला असे आतून पालटवते ती श्रद्धा, असे मी म्हणेन.

नावाचा प्रश्न निघालाच आहे म्हणून आणखी एक गोष्ट. राष्ट्रकुलाच्या युद्ध स्मशानभूमीत ओळख न पटलेल्या शिपायाच्या दगडावर ‘हा देवाला ठाऊक आहे’ अशा अर्थाचे शब्द असतात. ते सुचवले रुडयार्ड किपलिंगने. हा मुंबईत 1865 साली जन्मलेला साम्राज्याचा कवी. त्याचा कोवळा मुलगा 1915 साली लूसच्या लढाईत गेला आणि बापाच्या हयातीत देह सापडला नाही. एवढ्या मोठ्या शब्दप्रभूला शेवटी दोन-तीन शब्दच उरले! आपल्या रायगड जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांचीही समाधी ज्ञात नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. ते हिंदू होते. देवाला ठाऊक असण्यासाठी धर्माचा दाखला लागत असेल असे मला वाटत नाही.

“हा परक्यांचा धर्म, आपल्या जवानाला त्याचे काय?” असे एका मैत्रिणीने मला विचारले. तिला मी ‘स्मृतिचित्रे’ची आठवण दिली. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. परंतु त्यांनी ख्रिस्त गायला तो अभंगात आणि भजनात. मराठी चर्चमधून ती भजने आजही पेटीवर म्हटली जातात. नगरकडच्या शिपायाला धीर आला तो इंग्रजीतून नव्हे.

शेवटी गाण्यांविषयी. दिल्लीला 29 जानेवारीच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात कित्येक वर्षे ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती स्तोत्राची धून वाजत असे. गांधीजींचे ते आवडते स्तोत्र. 2022 साली ते वगळले आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची धून घेतली. हे गाणेही मला प्रिय आहे. त्याची चाल तर आपल्या सी. रामचंद्रांची. परंतु दोन्हींचे काम एक नाही. एक गाणे आपल्याला, म्हणजे घरी सुखरूप राहिलेल्यांना, मेलेल्यांची आठवण ठेवा म्हणून सांगते. दुसऱ्यात अंधार पडत असताना एकटा माणूस देवाला जवळ थांबायला विनवतो. पहिले आपण जवानासाठी गातो, दुसरे जवान स्वतःसाठी गाऊ शकतो. दोन्ही धुना वाजवल्या असत्या, तर सोहळा फार तर पाच मिनिटांनी लांबला असता.