दाव्याचा दरवाजा कोणता?

न्यायालयांची उतरंड लिहा, हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यांस नवा नाहीं. वर सर्वोच्च न्यायालय, त्याखालीं उच्च न्यायालय, मग जिल्हा न्यायालय, शेवटीं दिवाणी न्यायाधीशांचे वरिष्ठ व कनिष्ठ स्तर. एवढें पाठ म्हटलें कीं गुण पदरांत पडतात. परंतु नांदेड-लातुरांतील पक्षकाराचें अडतें तें येथें नव्हे. कोणाच्या वर कोण, यापेक्षां आपला दावा चालेल कोठें, ही त्याची विवंचना असते. आणि आमच्या मतें परीक्षेचाही खरा प्रश्न तोच असावयास पाहिजे.

समजा, लातूरच्या व्यापाऱ्यानें नांदेडच्या दुकानदारास तूरडाळ उधारीनें दिली व पैसे थकले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 प्रमाणें, प्रतिवादी जेथें राहतो वा धंदा करतो त्या नांदेडास दावा चालेल. आणि सौदा किंवा माल देणें लातुरांत झालें असेल, तर तेथेंही चालेल, कारण दाव्याचें कारण अंशतः तेथें घडलें. तंटा जमिनीच्या मालकीचा असेल तर मात्र, कलम 16 प्रमाणें, जमीन जेथें न्यायालय तेथें. बिलाच्या तळाशीं 'न्यायक्षेत्र लातूर' छापून निश्चिंत होणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, दोन सक्षम न्यायालयांपैकीं एक निवडण्याचा करार उभयतांस करतां येतो. ज्या न्यायालयास मुळांत अधिकारच नाहीं, त्यास तो कोणाच्याही संमतीनें येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें 1971 सालीं हाकमसिंग यांच्या खटल्यांत हेंच सांगितलें आहे.

दरवाजा चुकला तर वादपत्र योग्य न्यायालयांत नेण्यासाठीं परत मिळतें. जो सद्‍भावनेनें व दक्षतेनें वागला, त्याची मुदत 1963 च्या मुदत अधिनियमाचें कलम 14 वांचवितें. पण गेलेलीं वर्षें त्यास कोण परत देणार?

अंतराचें दुःख मराठवाड्यास कोणीं शिकवावयास नको. 1956 पर्यंत येथील अपिलें हैदराबादेस जात, पुढें मुंबईस जाऊं लागलीं. 27 ऑगस्ट 1981 रोजीं औरंगाबादेस उच्च न्यायालय बसूं लागलें, तेव्हां ही पायपीट पुष्कळ कमी झाली. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरासही तें सुख लाभलें. न्यायालय जवळ आलें खरें. पण कोणतें दार ठोठवावें, हें ज्ञान जवळ आलें काय?

तें आणणें विधि महाविद्यालयांच्या हातीं आहे. प्राध्यापकांनीं उतरंड विचारण्याऐवजीं बाजारांतला व्यवहार पुढें ठेवून उत्तर मागावें, आणि विद्यार्थ्यांनीं तेंच उत्तर सोप्या मराठींत व्यापाऱ्यांस समजावून सांगावें. ज्या विद्येनें शेजाऱ्याचें एक हेलपाटें वांचत नाहीं, तिचे गुण कागदावरच राहतात.