तबकडी टिकेल, पण वाचणार कोण?

इंदूरबाहेर सुखनिवासच्या परिसरात १९८४ साली अणुऊर्जा विभागाच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. आज राजा रामण्णांचे नाव धारण करणारे हे केंद्र लेसरविद्येत देशात अग्रगण्य आहे. प्रकाशावर एवढी हुकमत असलेल्या या संस्थेकडे आणखी एक काम सोपवावे, असे आम्हांस सुचवावयाचे आहे. ते काम म्हणजे राष्ट्राच्या दप्तराचे जतन.

लेसरचा आणि दप्तराचा संबंध काय, असे कोणी विचारील. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने तो केव्हाच जोडला आहे. तीत लेसरचा किरण सूक्ष्म खाचा एकामागून एक वाचत जातो. होलोग्राफीची रीत निराळी. डेनिस गाबोर यांना या शोधासाठी १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एक किरण दुभंगावयाचा, एका भागावर मजकुराचे सबंध पान चढवावयाचे आणि दोन्ही भाग पुन्हा भेटतात तेथील प्रकाशाची नक्षी प्रकाशग्राही द्रव्याच्या जाडीत उमटवावयाची. कोन किंचित बदलला की त्याच जागी दुसरे पान मावते. वाचतानाही पान एका दमात हाती येते.

एवढी देखणी कल्पना बाजारात मात्र तगली नाही. अमेरिकेतील इनफेज कंपनीने ३०० गिगाबाइटच्या तबकडीची घोषणा केली. २०१० साली तिचा कारभार आटोपला. जनरल इलेक्ट्रिकने २००९ साली ५०० गिगाबाइटची तबकडी दाखविली, ती प्रयोगशाळेतच राहिली. हार्ड डिस्क स्वस्त होत गेल्या, आणि शतकभर टिकणाऱ्या मालाची वाट पाहण्याइतका धीर व्यापाराला नसतो. साध्या तबकड्यांचे दिवसही भरत आले आहेत. आपल्याकडील मोझर बेअर २०१८ साली अवसायनात निघाली. सोनीने लेखनक्षम ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले.

आम्हां किनारपट्टीवरील लोकांना याची झळ अधिक लागणार आहे. गोव्याच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ सालचा. वाळवी आणि पावसाळे सोसूनही तेथील जुना कागद आज डोळ्यांनी वाचता येतो. होळकरांच्या मोडी दप्तराचेही तेच: लिपी विसरली तरी पुन्हा शिकता येते. नाहीसे झालेले यंत्र शिकून येत नाही. शिवाय २००१ साली बेलीझसारख्या दमट देशात तबकडी खाणारी बुरशी सापडली. आमच्या आषाढ-श्रावणाला ती परकी वाटू नये. देवस्थानांचे जमाखर्च, महाजनांचे ठराव, जुन्या गवयांची ध्वनिमुद्रणे तबकडीवर चढवून निश्चिंत झालेल्या मंडळींनी ती एकदा लावून पाहावीतच.

म्हणूनच दीर्घायुषी प्रकाशलेखनाचे संशोधन सरकारी संस्थेने हाती घ्यावे. इंदूरच्या शास्त्रज्ञांनी केवळ द्रव्य शोधून थांबू नये. वाचनयंत्राचा संपूर्ण आराखडा सर्वांस खुला करावा, म्हणजे कारखाना बुडाला तरी पुढच्या पिढीला ते यंत्र नव्याने घडविता येईल. तोवर राज्य सरकारने प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती दोन गावी ठेवाव्यात, ठरावीक वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवाव्यात, आणि ‘संगणकात घेतले’ एवढ्या कारणाने मूळ कागद रद्दीत घालण्यास लेखी मनाई करावी.