आधी पडायला शिका

जुजुत्सू या जपानी कुस्तीविद्येच्या वर्गात नाव घातलं की चांगला शिक्षक डावांच्या आधी पडायला शिकवतो. हनुवटी छातीकडे घ्यायची, डोकं आपटू द्यायचं नाही आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा हात गादीवर थापटायचा, म्हणजे आघात एका सांध्यावर न येता पसरतो. तारापूर एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या, पालघर-बोईसरहून डहाणू लोकलनं ये-जा करणाऱ्या तरुणांना मी हे शिक्षण आग्रहानं सुचवेन; कारखान्याच्या ओल्या फरशीवर किंवा पावसाळी फलाटावर आधी तेच कामी येतं. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, निकाल लागला. जुजुत्सूच्या ब्राझिली शाखेत मात्र पाठीवर पडल्यावरही लढत चालू राहते, वरच्याला पायांनी जखडता येतं. अंगानं लहानखुऱ्या मुलीला हे उमगतं तेव्हा तिचा धीर दुणावतो, आणि मला यातलं सर्वांत मोलाचं तेच वाटतं. कानो जिगोरो यांनी १८८२ साली मूळ जपानी जुजुत्सूतूनच ज्युदो घडवला. पुढे १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला ताकागाकी नावाच्या ज्युदोपटूला जपानहून बोलावलं. क्लब निवडताना पट्ट्यांचे रंग आणि भिंतीवरची पदकं नंतर पाहा. आधी तासभर कडेला बसा. गाद्यांमध्ये फटी आहेत का, नखं कापायला सांगतात का, आणि नवख्यानं हार मानून हात थापटताच समोरचा पकड त्याच क्षणी सोडतो का, हे बघा. सोडत नसेल तर तिथे फी भरू नका.