काकांना तीस सेकंद द्या

मंडळी, परवा सास्तूरला गेलो होतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले, म्हणून काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. त्यांचा शेतीचा बारा वर्षांचा हिशेब विंडोजमध्ये, म्हणून तेही शेजारीच ठेवलं. रीस्टार्ट केलं.. तर थेट लिनक्स! "हिशेब गेला का रं सगळा?" काकांचा चेहरा बघवेना.

हिशेब जागेवरच होता हो! पण ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसरी सिस्टिम शोधणं मुळातच बंद असतं. सुरक्षेसाठी म्हणे. असेल बुवा, पण निदान तसं पडद्यावर सांगा की! सेटिंगच्या फाईलीत ओएस-प्रोबर बंद ठेवणाऱ्या ओळीपुढे 'फॉल्स' लिहिलं, टाइमआउट ३० केला, अपडेट-ग्रब चालवलं. विंडोज परत यादीत.

पुण्यातले मित्र म्हणतात, ग्रब जुनाट, सिस्टिमडी-बूट टाक. अरे, ते फक्त यूईएफआयवर चालतं, काकांचं मशीन बायॉसवालं! आणि लिलोचं काम तर २०१५ लाच थांबलं.

"तीस सेकंद कशाला? पाच पुरे," हेही ऐकून घेतलं. काकांना चष्मा सापडायलाच दहा लागतात, राव!