लाकूड घरचं, हवा कारखान्याची

परवा महूला संध्याकाळी सातारा जिल्ह्यातून एका उस्तादांचा फोन आला. आमच्या पलटणीतले आर्मोरर, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अडलेली रायफल त्यांच्या हातात गेली की दुरुस्त होऊनच परत यायची.

"साहेब, नातीसाठी घरीच पीसीपी बनवतोय. लेथ आहेच. जाड नळी मिळालीय, आटे पाडून दोन्ही टोकांना बुचं बसवली की झालं!"

मी म्हटलं, "उस्ताद, तेवढं सोडून बाकी सगळं करा." ते चिडले. "चोवीस वर्षं सरकारची हत्यारं सांभाळली, आता छर्ऱ्याची बंदूक जमणार नाही होय?"

त्यांचा राग मला समजतो. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीत स्प्रिंग असते. पीसीपीत आधीच दाबून भरलेली हवा असते. घोडा ओढला की झडप क्षणभर उघडते आणि छर्रा सुटतो. धक्का जवळजवळ नाहीच. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत आज हीच चालते. पण परदेशी बनावटीची चांगली रायफल लाखांच्या घरात जाते. पेन्शनीत ती कशी बसायची? आणि ज्याच्या हातात कसब आहे, त्याला 'विकत घ्या' म्हणणं म्हणजे अपमानच.

तरीही मी नाही म्हणतो, आणि कारण त्यांच्या कसबात नाही, हवेत आहे. स्पर्धेच्या रायफलचा सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत भरतात. बुचाचा व्यास २५ मिलिमीटर धरला, तर त्यावर जवळजवळ एक टनाचा जोर येतो. तो पेलायचा कोणी? उस्तादांनी पाडलेल्या चार आट्यांनी! छर्ऱ्यात जेमतेम ८ जूल ऊर्जा असते. २०० मिलिलिटरच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये त्याच्या दोन हजार पटींच्या आसपास साठलेली असते. आणि नेम धरताना हा सिलिंडर पोरीच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो.

नळी कितीही जाड असली, तरी धातूच्या पोटातला दोष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कारखान्यात सिलिंडरची चाचणी पाण्याने घेतात, तीही कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबावर. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे सिलिंडर फुटला तरी पाणी उडून जातं, तुकडे भिरभिरत नाहीत. शिवाय सिलिंडरवर मुदत कोरलेली असते. ती संपली की सिलिंडर बाद, मग बाहेरून कितीही चकचकीत दिसो.

ही अडचण आजची नाही. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांडोनी नावाची हवेवरची रायफल घेतली होती. लागोपाठ वीसेक गोळ्या, ना धूर ना मोठा आवाज. पण हवेची टाकी भरायला हातपंप सुमारे १५०० वेळा मारावा लागे, टाक्या बनवणं अवघड आणि सांभाळणं त्याहून अवघड. काही दशकांत ती मागे पडली. घोडं अडलं ते टाकीपाशीच.

कायद्याचंही ऐका. आपल्याकडे एअर रायफलची ऊर्जा २० जूलच्या वर गेली किंवा नळी .१७७ इंचाहून मोठी झाली, की परवाना लागतो. घरगुती बनावटीत झडपेची स्प्रिंग बदलता बदलता ही रेघ कधी ओलांडली, हे मोजल्याशिवाय कळतही नाही. आणि विनापरवाना बाळगता येते म्हणून बनवताही येते, असं गृहीत धरू नका. आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारा. गणवेश उतरवलेल्या माणसाने या बाबतीत तरी गाफील राहू नये.

मग घरी करायचं काय? दस्ता. वाढत्या वयाच्या पोरीला मोठ्या माणसाच्या मापाची रायफल दिली, तर ती मान वाकडी करून नेम धरायला शिकते आणि ती खोड पुढे जात नाही. गालाची उंची, खांद्यापर्यंतचं अंतर, मुठीचा कोन, वजनाचा तोल हे सगळं तिच्या अंगाचं माप घेऊन बसवायचं असतं. स्पर्धेचे नियम समोर ठेवून हे काम करणारा माणूस क्लबला सहज मिळत नाही. आपल्या गावागावांत मात्र निवृत्त आर्मोरर रिकामे बसलेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आणि नेमबाजी क्लबांनी मिळून त्यांची एक यादी केली, तर क्लबच्या रायफली नीट राहतील, पोरांना मापाचे दस्ते मिळतील आणि उस्तादांना पुन्हा कोणीतरी उस्ताद म्हणेल. कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून पदक घेऊन आला. त्याच्या मागून येणाऱ्या पोरांना आपण एवढं तरी देऊ शकतो.

दोन दिवस उस्तादांचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी एक फोटो आला. नात पुठ्ठ्याच्या दस्त्यावर गाल टेकवून उभी, पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या खुणा. खाली एवढंच: "साहेब, जुनी रायफल बघा कुठे मिळते का. सिलिंडरची तारीख बघून घ्या."

बघतोय. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर कळवा.

जय हिंद!