आधी यंत्र, मग संहिता

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम निंटेंडो स्विचवर आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी, राजस्थानी वळणाचे महाल, निवेदक म्हणून दुर्गा आणि विष्णू. इतकी इथली सामग्री असलेली संहिता ज्या यंत्रावर अवतरली, ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते! संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांवर ती १५ ऑक्टोबरला पोचली.

याबद्दल निर्मात्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. २०१७ साली किकस्टार्टरवरील त्यांची लोकवर्गणी उद्दिष्टापर्यंत गेली नव्हती. पदरी बळ नसलेल्याने मिळेल तो रंगमंच स्वीकारावा, यात नवल नाही. शिवाय अशा खेळात यंत्राची निवड काम संपल्यावर करता येत नाही. एका दृश्यात पात्रे किती, चित्रांत तपशील किती, हे यंत्राच्या ताकदीवरच ठरते. चार वर्षांनंतरचा रसिक कोणत्या यंत्रापाशी बसलेला असेल, याचा अंदाज पहिल्या प्रवेशाआधीच बांधायचा असतो. ‘राजी’ प्लेस्टेशन ४वर आली आणि पुढच्याच महिन्यात जगाच्या बाजारात प्लेस्टेशन ५ उतरले.

हे आपल्याला अगदीच अपरिचित नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. अखेरचे खंड छापून होईतो वाचक महाजालावर गेला होता.

मग सरळ मोबाइलच का नको, असे अंधेरी-घाटकोपर मेट्रोत माना खाली घालून खेळणारी मुले पाहून कोणीही विचारील. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४मध्ये आधी मोबाइलवर आणला. पण तो फुकट मिळणारा, अखंड चालू राहणारा लढाईचा खेळ. ‘राजी’ला आरंभ आहे, शेवट आहे, पुस्तकासारखी ती एकदा विकत घ्यायची असते. यंत्राची निवड ही म्हणूनच वाङ्मयप्रकाराचीही निवड ठरते, आणि आपली समीक्षा तिला केवळ व्यापाराची बाब समजून बाजूला सारते.

‘राजी’तील काही कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ते शेजारी ठेवून पाहायला हवेत. महाविद्यालयीन ग्रंथालये कन्सोल घेणार नाहीत. संगणकावरील आवृत्ती मात्र घेता येईल.